तिखटाच्या नावाखाली काहीही खपवायचं?

कच्चं तिखट कोंबडीवर थापायचं, त्याला हॉट चिकन म्हणायचं, त्यासाठी माणसांना भर उन्हात तासभर उभं करायचं आणि पहिला घास तोंडात जायच्या आधीच वीस टक्के टीप मागायची. हा कुठला न्याय? आणि लोक मुकाट्याने देतात! वर व्हिडिओ काढून गावभर सांगतात, काय भारी जागा आहे म्हणून. डोकं सटकलंय माझं.

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला राहतो म्हटल्यावर भारतातून येणाऱ्या प्रत्येकाची एकच फर्माईश असते. संगीताचं म्युझियम नको, नदीकाठ नको. ते रीलमध्ये दिसलेलं लालभडक चिकन पाहिजे म्हणजे पाहिजे. तेही त्याच एका हॉटेलातलं, जिथे सकाळी दार उघडायच्या आधीपासून रांग लागते. नाव लिहून त्यांची आणखी फुकट जाहिरात करायची नाही मला. यंदा जुलैत ताई, भावजी आणि भाची आले होते. टेनेसीतला जुलै ज्याने अनुभवलाय त्यालाच कळेल. हवा अंगाला चिकटते, सावलीला एक झाड नाही, पुढे गुलाबी टोप्या घातलेला लग्नाआधीची पार्टी करणाऱ्या मुलींचा घोळका, मागे पर्यटकांची बस. हॉटेलवाल्यांनी बाहेर एक पंखा लावू नये? रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांना बसायला एक बाक ठेवू नये? पैसा तर नुसता धो धो वाहतोय.

बरं, एवढं उभं राहून पानात पडतं काय?

मला राग रांगेचा कमी आणि चिकनचा जास्त आहे, कारण हॉट चिकन हा मुळात अतिशय सुंदर पदार्थ आहे. हे वाचून 'तिखट झेपलं नाही वाटतं' असं कोणी म्हणू नये. आजोळ कोल्हापूरचं आहे माझं, तांबड्या रश्श्यावर वाढलोय. तिखटाला मी नावं ठेवत नाही. तिखट जाळणाऱ्यांना नावं ठेवतोय.

या चिकनची पद्धत समजून घ्या, म्हणजे माझा संताप कळेल. कोंबडीचे हाडासकटचे तुकडे मसाला लावून मुरवायचे, कोणी कोणी ताकात मुरवतात. मग मैद्यात घोळवून खरपूस तळायचे. खरी मजा त्यानंतरची. केयेन मिरचीची पूड, मीठ, थोडी साखर, लसणाची पूड असं सगळं एका भांड्यात घ्यायचं आणि त्यावर कढईतलं कडकडीत तेल किंवा डुकराची चरबी ओतायची. चर्र आवाज होतो, तिखट फुलतं, रंग सुटतो, आणि ती लाल तर्री गरम तुकड्यांवर ब्रशने फासायची. खाली साध्या पांढऱ्या ब्रेडची स्लाईस, वर काकडीच्या आंबट लोणच्याच्या चकत्या. ब्रेड शोभेला नसतो. वरून ओघळणारं तेल आणि मसाला तो पिऊन घेतो, आणि चिकन संपल्यावर ती भिजलेली स्लाईस खाणं हा त्या जेवणातला सगळ्यात चांगला भाग असतो. चकत्या तोंड सावरायला. प्रत्येक गोष्टीला कारण आहे.

आपल्याकडे स्वयंपाकघरात पाऊल टाकलेल्या कुठल्याही माणसाला हे न सांगता कळतं. तिखट तेलात पडलं पाहिजे. मिरचीतला जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. गरम तेलात पडल्यावर तिखटाचा कच्चा वास जातो, चव गोलाई घेते. कच्चं तिखट घशाला धरतं, ठसका आणतं आणि मागे कडवटपणा ठेवतं. यात काही गुपित नाही, कुठल्याही आजीला विचारा.

आणि या प्रसिद्ध हॉटेलवाल्यांनी काय केलं होतं? तुकडे तळले, जाळीवर टाकले आणि वरून डब्यातलं तिखट कोरडंच भुरभुरलं! डोळ्यांनी पाहिलं मी, काउंटरच्या मागे सगळं उघडंच आहे. गर्दी उरकायची असते ना. तर्री करायला, ब्रशने फासायला वेळ कोणाला आहे? तुकडा हातात घेतला तर लाल भुकटी टेबलावर पडत होती, बोटांना पिठासारखी लागत होती. आवरण बाहेरून करपलेलं, आत मांस सुकून दोरखंड झालेलं. हाडाजवळ मिठाचा कण लागला नव्हता, म्हणजे मुरवणं वगैरे सगळं बोर्डावर लिहिण्यापुरतंच. ब्रेडची स्लाईस खाली ठेवली होती खरी, पण ती कोरडी ठणठणीत, कारण तिच्यात मुरायला वरून काही ओघळलंच नाही. अरे, निदान जे करताय ते नीट तरी करा! तीन माणसांचं आणि एका पोरीचं बिल शंभर डॉलरच्या जवळ गेलं होतं.

पोरीचं तर ऐकाच. भाची लहान आहे, तिच्यासाठी मुद्दाम अजिबात तिखट नसलेलं चिकन सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. मुलाने मान डोलावली, स्क्रीनवर बटण दाबलं, पावतीवर तसं छापूनही आलं. पोरीने मोठ्या हौसेने घास घेतला आणि दुसऱ्या क्षणाला तिचा चेहरा लाल. ओठ, जीभ, नाक, सगळीकडून पाणी. "मामा, तोंड भाजतंय" म्हणून जे रडायला लागली ते थांबेना. त्याच हातांनी डोळे चोळले, मग तर विचारू नका. ताई घाबरून तिला पाणी पाजत होती आणि पाण्याने जाळ आणखी पसरत होता. मी काउंटरकडे धावलो, म्हटलं थोडं दूध द्या. दुधातलं प्रथिन मिरचीचा जाळ जिभेवरून धुवून नेतं, हे जगजाहीर आहे. दिवसभर तिखट विकणाऱ्या दुकानात दूध नाही! मिल्कशेक आहे, आठ डॉलर, आणि त्यासाठी पुन्हा रांगेत या. रडणाऱ्या पोरीसाठी पुन्हा रांगेत या?

मॅनेजर आली. मी पावती दाखवली, तुकडा दाखवला. तिने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र पाहत होतो. एकच चिमटा. त्याच चिमट्याने सगळ्यात जहाल तुकडे उचलायचे, त्यानेच बिनतिखटाचे उचलायचे. जाळीही एकच, वरच्या फळीवरचं तिखट खालच्या तुकड्यांवर झडतंय. मी ते बोटाने दाखवलं तर बाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, आमच्याकडच्या कुठल्याही पदार्थात तिखटाचा अंश असू शकतो. म्हणजे संपलं. पाटी लावली की जबाबदारी संपली. दुसरा चिमटा घ्यायला किती पैसे लागतात हो? पाच डॉलर? दहा डॉलर? बिनतिखटाच्या तुकड्यांना वेगळी जाळी ठेवायला काय कष्ट पडतात? लहान मुलांचं खाणं विकता, त्याचे पैसे घेता, आणि त्यांच्या तोंडात आग घालता. माझ्या मनातून ते रडणं जात नाही.

आणि भावजींशी जे वागले ते वेगळंच. त्यांनी मधली पातळी मागितली. काउंटरवरचा मुलगा हसून म्हणतो, "तुम्ही इंडियन ना, तुम्हाला काय होतंय, वरची घ्या." भावजी सज्जन माणूस, नाही म्हणायचा संकोच. याच जागी माझ्या ऑफिसातल्या गोऱ्या सहकाऱ्याला मात्र "नक्की ना? विचार करा हं" असं दोनदा विचारतात, मी शेजारी उभा राहून ऐकलंय. गिऱ्हाइकाचा चेहरा बघून त्याची जीभ किती सोसेल ते तुम्ही ठरवणार? भावजी नागपूरचे असोत नाहीतर आणखी कुठले, त्यांना पित्ताचा त्रास आहे हे तुम्हाला माहीत आहे का? माणसाने जे मागितलं ते द्या. त्या मुलाला एकट्याला मी दोष देत नाही, तो तासाच्या पगारावर घाम गाळतोय. त्याला तसं बोलायला शिकवणाऱ्या मालकाला देतो.

त्या पातळ्यांचंही नाटक बघा. नुसतं तिखट, जास्त तिखट असं सांगून भागत नाही. सगळ्यात वरच्या पातळीला कवटीचं चित्र, शेजारी भिंतीवर घामाघूम, रडवेल्या माणसांचे फोटो. त्या पातळीत आता आसामची भूत जोलोकिया मिरची घालतात, कॅरोलिना रीपर मिरची घालतात. केयेनचा जाळ तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिलच्या मापाने तीस ते पन्नास हजार एकक. भूत जोलोकिया दहा लाखांच्या वर, आणि रीपर तर त्याच्याही पुढे. हा पदार्थ केयेनचा आहे, टेनेसीचा आहे. आसामची मिरची ही आसामच्या स्वयंपाकात किती जपून, किती चवीने वापरतात! तिला तिथून उचलून इथे तरुण पोरांना ओकाऱ्या काढायला लावण्यासाठी वापरायची, हा त्या मिरचीचा अपमान आहे आणि कोंबडीचाही. पलीकडच्या टेबलावर एक पोरगा कचऱ्याच्या डब्यात तोंड घालून बसला होता आणि त्याचे मित्र चित्रण करत टाळ्या वाजवत होते. अर्धं चिकन तसंच फेकून दिलं. रोज किती फेकलं जात असेल! अन्न आहे ते.

मला याचा एवढा त्रास का होतो? कारण हा पदार्थ कोणाचा आहे हे मला माहीत आहे. नॅशव्हिलच्या काळ्या वस्त्यांनी हे चिकन जन्माला घातलं. थॉर्नटन प्रिन्स नावाच्या गृहस्थांची कहाणी इथे सगळे सांगतात. बाहेरख्याली माणूस, रात्र बाहेर काढून घरी आला, आणि चिडलेल्या मैत्रिणीने त्याच्या तळलेल्या कोंबडीत मिरची ओतली. तिला अद्दल घडवायची होती, पण गड्याला ते भयंकर आवडलं आणि पुढे त्याने भावांना घेऊन दुकानच काढलं. खरंखोटं कोणास ठाऊक. पण कहाणीत सुद्धा तो माणूस पुन्हा पुन्हा खातो ते चवीसाठी! त्या काळात शहर रंगावरून वाटलेलं होतं. रायमन सभागृहातला ग्रँड ओल ऑप्री हा कंट्री संगीताचा कार्यक्रम संपला की गोरे गायक-वादक रात्री प्रिन्सकडे यायचे, तेव्हा त्यांची बसायची सोय मागच्या खोलीत असायची, कारण पुढची जागा वस्तीतल्या लोकांची होती. 1980 मध्ये थॉर्नटन यांच्या भावाची नात आंद्रे प्रिन्स जेफ्रीज यांनी कारभार हाती घेतला. त्या बाईंनी ते दुकान उभं ठेवलं, 2013 मध्ये खाद्यक्षेत्रातले मानाचे पुरस्कार देणाऱ्या जेम्स बिअर्ड फाउंडेशनने अमेरिकेचा अभिजात ठेवा म्हणून त्याचा गौरव केला. 2018 च्या अखेरीस त्यांच्या जुन्या जागेच्या इमारतीला आग लागली, ती जागा गेली, तरी दुसरीकडे त्यांचं चिकन चालूच राहिलं. पूर्व नॅशव्हिलमध्ये बोल्टन्स आहे, तेही असंच जुन्या वळणाचं. बिल पर्सेल महापौर असताना त्यांच्या पुढाकाराने 4 जुलैचा हॉट चिकन महोत्सव सुरू झाला, आणि मग बाहेरच्या जगाचं लक्ष गेलं. 2016 मध्ये केएफसीनेही नॅशव्हिल हॉट म्हणून अमेरिकाभर विकायला काढलं.

कितीतरी दशकं ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, त्यांचं हे अन्न. आणि आता ज्यांनी त्यातलं ग म भ न शिकायचे कष्ट घेतले नाहीत, ते भिंतीवर कोंबड्यांची चित्रं रंगवून, कवट्या छापलेले टी-शर्ट विकून गब्बर होतायत. पाहुणे ते कोरडं, करपलेलं, कडू काहीतरी खातात आणि घरी जाऊन सांगतात, हॉट चिकन खाल्लं बाबा, काही खास नाही, नुसतं तिखट. हे ऐकलं की माझ्या अंगाची लाही होते. खाल्लंच नाहीये तुम्ही! ताई अजून तेच म्हणते. तिला फोनवर किती समजावलं, पण पोरीचे हाल पाहिल्यावर ती पुन्हा त्या पदार्थाचं नाव कशाला काढेल?

आणि ती टीप. काउंटरवर आपण स्वतः जाऊन सांगायचं, नंबर पुकारला की स्वतः ट्रे आणायचा, स्वतः टेबल पुसायचं, उठताना स्वतः कचरा टाकायचा. आणि पैसे भरतानाच स्क्रीन फिरवून समोर धरतात. अठरा, वीस, पंचवीस. शून्य शोधायचं तर खालच्या बारीक अक्षरातलं बटण दाबा, मागचे दहाजण बघतायत. कसली टीप? अजून अन्न दिसलंही नाही! त्या पोरांना मालकाने नीट पगार द्यावा, तो बोजा रांगेत होरपळलेल्या माणसावर कशाला? मी दिली, कारण त्या मुलांची कीव येते. पण तो मालक रोजचा गल्ला मोजतो आणि दुसरा चिमटा घेत नाही.

दिवाळीनंतर आत्येभाऊ येणार आहे. त्याचा आत्ताच मेसेज आलाय, सोबत त्याच हॉटेलाची रील. त्याला स्वच्छ लिहून टाकलंय: प्रिन्सकडे नेईन, बोल्टन्सला नेईन, तिथे म्हणशील तितका वेळ रांगेत उभा राहीन, पैसेही मी भरीन. त्या दुकानात जायचं असेल तर उबर कर, मी गाडी काढणार नाही.