परातीवरून आलेल्या कमेंटला उत्तर

मागच्या आठवड्यात पापुआ न्यू गिनी अन् इंडोनेशियाच्या जंगलात सोनं कसं शोधतात यावर लिहिलं होतं, त्यावर एका साहेबांनी टोपणनावानं कमेंट टाकली. जशीच्या तशी देतो: "सोलापुरात पंख्याखाली बसून जंगलावर लिहिणं सोपं आहे. परातीत चार कण चमकले की वर डोंगरात खाण, असं नसतं. तारीखही चुकलीय. आणि ज्वालामुखी म्हणजे सोनं, तर सोलापूर सोन्याचं का नाही? नद्या नासल्या त्यावर एक ओळ नाही."

आधी तारीख. पापुआ न्यू गिनीतल्या लिहिर बेटावरचं सोनं १९८२ ला सापडलं, मी १९९२ टाइप केलं. चूक माझी, दुरुस्त केली, थँक्यू.

आता पंखा. मे महिन्यात सोलापुरात पंख्याखाली बसणं म्हणजे सुख, असं ज्याला वाटतं तो इथला नाही एवढं कळलं. मुद्दा मांडायचा तर मांडा की ओ, माणूस कुठं बसून लिहितो ते कशाला काढता?

अन् परातीचं म्हणाल तर चुकीच्या माणसाला बोललात. माझे आजोबा झारेकरी. सराफांच्या दुकानासमोरची, गटारीतली माती झाडून आणायची, परातीत पाणी घालून गोल गोल हलवायची, हलकं वाहून जातं, जड तळाला बसतं, अन् शेवटी काळ्या रेतीच्या कडेला सोन्याची बारीक रेघ दिसते, दिसली तर. सातवीत असल्यापासून मी त्यांच्यासोबत बसलोय. आजोबा कण बोटाच्या टोकावर घेऊन सांगायचे, हा कानशीचा कीस, हा झिजलेल्या दागिन्याचा. म्हणजे कणाचा आकार बघून तो कुठून आला ते.

जंगलातही तेच चालतं. तिथं दगड दिसतच नाही, वर झाडं, खाली कुजका पाला, त्याखाली कित्येक मीटर लाल माती. पापुआ न्यू गिनीतल्या ओके टेडी खाणीच्या बाजूला वर्षाला ८ मीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडं एक मीटरची मारामार. उघडा खडक दिसला तर ओढ्यातच. म्हणून ओढ्या-ओढ्यानं वर चढायचं, दोन ओढे मिळतात तिथं दोन्हीकडचा गाळ वेगवेगळा घ्यायचा, ज्यात कण आहेत तो ओढा धरायचा, अन् कण जिथं एकदम बंद होतात तिथं थांबून आजूबाजूच्या डोंगरधारेवरची माती तपासायची. उगमाजवळचा कण खडबडीत असतो, कधी क्वार्ट्झचा म्हणजे गारेचा तुकडा चिकटलेला, लांबून वाहत आलेला चपटा अन् गुळगुळीत. दगडावरच्या शेवाळातसुद्धा कण अडकतात, तेही धुऊन बघतात.

अन् "परातीत दिसलं की खाण" असं मी लिहिलंय कुठं? दाखवा. तिथल्याच पोर्गेराच्या नदीत १९३८ च्या सुमारास सोनं दिसलं, मोठी खाण चालू झाली १९९० ला, हे माझ्याच लेखात आहे, शेवटपर्यंत वाचला असता तर दिसलं असतं. बुसांगचंही आहे. इंडोनेशियातल्या कालिमंतानमधलं बुसांग, प्रचंड सोनं सापडल्याचा दावा करणारी ब्रे-एक्स कंपनी, १९९७ ला सगळं उघडं पडलं, ड्रिलच्या नमुन्यात बाहेरचं सोनं मिसळलेलं. कण बघितले तर नदीतल्यासारखे कडा झिजलेले, आता जमिनीखालच्या खडकातून काढलेल्या कणाची कड झिजेल कशी? आजोबांनी एका नजरेत ओळखलं असतं, बढाई वाटली तर वाटू द्या. (हो, कण फसवू शकतात हे तुमचंच म्हणणं झालं. नीट शब्दांत सांगितलं असतं तर लगेच मान्य केलं असतं.)

सोलापूर सोन्याचं का नाही? मी सहा वर्षं बोअरच्या गाडीवर काढलीत, आपला काळा पाषाण किती खोल जातो ते मला सांगू नका. हा भेगांतून पसरलेला लाव्हा, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, थरावर थर. तिकडं न्यू गिनीच्या बाजूला पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीच्या खाली जाते, सोबत पाणी नेते, अन् वरच्या ज्वालामुखीच्या पोटातून दोनशे-तीनशे डिग्रीचं पाणी भेगांतून वर येताना दाब कमी झाला की उकळतं अन् सोनं तिथंच सोडतं. लिहिरला जमीन अजून गरम आहे. नुसता लाव्हा असून काय करायचंय? (रायचूरकडच्या हट्टीच्या सोन्याच्या खाणीचं विचाराल, तो खडक अडीचशे कोटी वर्षांच्या पलीकडचा, ती गोष्टच वेगळी.)

नद्यांचं माहितीय. ओके टेडी खाणीनं नदीत सोडलेला गाळ माहितीय, बोगनव्हिल बेटावरची पांगुना खाण १९८९ ला स्थानिक लोकांच्या उठावानं का बंद पडली तेही माहितीय. लेख शोधण्यावर होता. लिहीन कधीतरी, तुमच्या ऑर्डरीवर नाही.

आजोबांची परात अजून घरी आहे. खऱ्या नावानं या, सराफ बाजारातली घमेलंभर माती देतो, तुम्हीच धुऊन दाखवा.