‘तीन उपग्रह पुरतात’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

जीपीएस आणि दिक्चालनावरच्या (म्हणजे आपली जागा आणि वाट ठरवण्यावरच्या) माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर शब्द वाकडे गेले असते, म्हणून दोन दिवस थांबलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जागा ठरवायला तीन उपग्रह पुरतात, चौथा केवळ खात्रीसाठी असतो, मी त्याचं उगाच स्तोम माजवलं, भारताच्या नाविक या दिक्चालन यंत्रणेचे सातही उपग्रह भूस्थिर (जमिनीवरून पाहता आकाशात एकाच जागी राहणारे) हे माझं विधान चूक, जडत्वीय दिक्चालन (बाहेरच्या संदेशाशिवाय, आपल्याच हालचाली मोजून जागा काढणं) मोडीत निघालंय, त्यावर अर्धा लेख कशाला. आणि शेवटी, ‘निवृत्तांनी वेळ जात नाही म्हणून विज्ञानावर लिहू नये.’

भूस्थिर उपग्रहांबद्दल तुमचं बरोबर आहे. मूळ रचनेत तीन भूस्थिर आणि चार कललेल्या भूसमकालिक कक्षेत (फेरी पृथ्वीइतक्याच वेळात, पण आकाशात उत्तर-दक्षिण सरकणारे), असे सात होते. माझ्या हातून चूक झाली, लेखात दुरुस्ती केली आहे. ही चूक तुम्ही एका ओळीत दाखवली असती तर मी आभार मानून थांबलो असतो. पण तुम्हाला चूक दाखवायची नव्हती, माणसाला गप्प बसवायचं होतं.

आता चौथ्या उपग्रहाकडे येतो. प्रत्येक उपग्रहाभोवती त्याच्यापासून आपल्यापर्यंतच्या अंतराचा गोल कल्पायचा; असे तीन गोल एकमेकांना छेदले की दोन बिंदू मिळतात, त्यातला एक अंतराळात जातो, उरलेला आपला. ही तुमची भूमिती शाळेतल्या फळ्यावर बरोबर आहे. पण गोल काढायला त्रिज्या लागते. ती कुठून आणणार? उपग्रहाने संदेश कधी सोडला ते संदेशातच असतं, तो कधी पोचला ते तुमच्या फोनचं घड्याळ सांगतं. या दोन वेळांतला फरक गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे अंतर. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवर आहेत. उपग्रह अगदी डोक्यावर असला तरी संदेशाला सुमारे ०.०६७ सेकंद लागतात. उपग्रहावर अणुघड्याळ आहे, तुमच्या खिशात साधं क्वार्ट्झ. ते १ मायक्रोसेकंद चुकलं की अंतर ३०० मीटरने चुकतं. १ मिलिसेकंद चुकलं तर ३०० किलोमीटरने! म्हणून त्या अंतराला नुसतं अंतर म्हणत नाहीत, स्यूडोरेंज, म्हणजे भासमान अंतर, म्हणतात. तीच संज्ञा मी लेखात समजावली होती. तो परिच्छेद तुम्ही वाचलात का, हा मला पडलेला प्रश्न आहे.

ही घड्याळाची चूक सगळ्या उपग्रहांच्या अंतरात सारखीच शिरते. म्हणजे अज्ञात गोष्टी चार: अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळाची चूक. चार अज्ञातांना चार समीकरणं लागतात. चौथा उपग्रह साक्षीदार नाही, हिशेबाचा भाग आहे. खात्री करायची तर पाचवा लागतो.

तुम्ही म्हणाल, जहाजावर तीन उपग्रहांवर फिक्स, म्हणजे नक्की जागा, मिळायचा. मिळायचा. समुद्रावर अँटेनाची उंची माहीत असते, एक अज्ञात कमी होतो. तिथेही उरलेल्या तिघांपैकी एकाचं काम घड्याळासाठीच खर्ची पडतं.

हे मला पुस्तकाआधी समुद्राने शिकवलं. व्यापारी जहाजांवर ३१ वर्षं काढली. अगदी सुरुवातीला अरबी समुद्रात एका संध्याकाळी सेक्स्टंटने (क्षितिजापासून ताऱ्याची उंची कोनात मोजणाऱ्या उपकरणाने) तीन तारे घेतले, चार्टवर तीन रेषा काढल्या. जहाज प्रत्येक रेषेवर असायला हवं, म्हणजे तिन्ही एका बिंदूत मिळायला हव्यात, तर मधे भलामोठा त्रिकोण. ब्रिजवर मला घाम फुटला. कॅप्टननी शांतपणे तिन्ही रेषा सारख्याच अंतराने आत सरकवायला सांगितल्या. त्रिकोण मिटला, एक बिंदू उरला. सेक्स्टंटमध्येच चूक होती आणि ती तिन्ही ताऱ्यांत सारखी होती. दोन ताऱ्यांवर फिक्स मिळाला असता, दिसायला अगदी सुबक, आणि चुकीचा. तिसऱ्या ताऱ्याने जागाही सांगितली आणि चूक किती तेही सांगितलं. तारे चौफेर पसरलेले होते म्हणून हे जमलं. एकाच बाजूला असते तर नसतं. उपग्रहांचंही तसंच, पण तो विषय वेगळा. अशा रात्री ज्याने काढल्या त्याला तुम्ही ‘वेळ जात नाही म्हणून’ लिहिणारा म्हणता, हे मला लागलं. लपवत नाही.

जडत्वीय दिक्चालनाबद्दल फार लिहीत नाही. जीपीएसचा संदेश पाण्याखाली पोचत नाही. पाणबुडी आत काय करते याचा विचार करा. १९५८ मध्ये नॉटिलस ही अमेरिकी पाणबुडी उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून गेली ती याच तंत्राच्या आधारावर. त्यात चूक साचत जाते, विमानातल्या चांगल्या यंत्रणेतही ताशी सुमारे १ सागरी मैल, हे मी लेखात लिहिलंच आहे. म्हणूनच ही आणि उपग्रहांची, अशा दोन्ही यंत्रणा जोडीने वापरतात.

शब्द जड आहेत ही तक्रारही तुम्ही जाता जाता केलीत. ‘दिक्चालन’ मी बदलणार नाही.

चौथा उपग्रह लागतोच, हे लेखातलं वाक्यही तसंच राहील. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. निवृत्तांबद्दलची ती ओळ मात्र तुम्ही स्वतःहून काढलीत तर मला बरं वाटेल.