कितीला पडलं?

"कितीला पडलं?" काकांनी विचारलं, तेव्हा माझं विमान अजून माझ्या हातातच होतं. पहिल्या उड्डाणाआधी हा प्रश्न विचारू नये, एवढं तरी कळायला हवं.

रविवारची सकाळ, पावणेसात, झाडाचं पानही हलत नव्हतं. रात्री जागून फोम कापून केलेलं, सव्वा मीटर पंखांचं विमान. दोन बोटांवर तोलून झालं होतं, शेपूट जड वाटलं म्हणून बॅटरी बोटभर पुढे सरकवली होती. रिमोटची कांडी उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर उठतं, हे तीनदा पाहिलं होतं. चौथ्यांदा पाहताना काका आले.

"कॅमेरा कुठंय?"

"नाहीये."

"मग उडवायचं कशाला?"

याला उत्तर नाही. घरीही हेच विचारून झालंय.

फेकलं. चढलं! आणि लगेच डावीकडे कलू लागलं. नव्या विमानाचं हे असतंच. उंच न्यायचं, कांडी उजवीकडे धरून ठेवायची आणि ट्रिमचं बटण टिक टिक दाबत राहायचं, कांडी सोडली तरी सरळ जाईपर्यंत. एक अंगठा कांडीवर, दुसरा ट्रिमवर, डोळे आभाळात. कान तेवढे रिकामे. ते काकांनी घेतले.

"कण्णी चुकलीय तुमची. पतंग एका अंगाला झुकला की आम्ही दुसऱ्या अंगाला चिंधी बांधायचो. चिंधी बांधा!"

"काका, हे विमान आहे."

"विमानाचं मला सांगू नका. मुंबईच्या शिवकर तळपद्यांनी १८९५ साली चौपाटीवर उडवलं. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी! त्यांच्याकडे होता का रिमोट?"

त्या उड्डाणाचा धड पुरावा नाही, हे मी बोलायला नको होतं. बोललो, आणि बोलताना त्यांच्याकडे वळलोही. पुन्हा वर पाहिलं तर विमान येतंय की जातंय तेच कळेना. येत होतं. समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं आपल्याला उलटं दिसतं. मी द्यायचं ते सोडून नेमकं दुसरं दिलं.

बाभळीखाली नाक शोधत होतो, तेवढ्यात काकांचे फिरायचे सोबती आले. "कितीला पडलं हो?"

काकांनी घड्याळ पाहिलं. "सात-दहाला."

दुसरीकडे जावं, तर मैदान उरलंय कुठे? एकावर लग्नाचे मंडप, एकावर टॉवर, आणि उरलेल्यावर काका.

रात्री नाक चिकटवलं आणि विमान नाका-शेपटाला धरून तोललं. डावा पंख खाली. त्या बाजूला गोंद जास्त झाला होता. उजव्या टोकाला रुपयाचं नाणं चिकटवलं.

नाणं. चिंधी नव्हे.