डुकराच्या पिल्लांना काढा पाजण्याआधी

मुंबई-वसई पट्ट्यातल्या वराहपालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरतोय. हळद, डाळिंबाची साल आणि कुड्याची साल उकळून पिल्लांना पाजा, विषाणूची हगवण तीन दिवसांत थांबते. सलाईन नको, डॉक्टर नको. चीनमध्ये हे सिद्ध झालंय म्हणे.

तीन दिवसांत थांबते, पण कितव्या दिवसाच्या पिल्लाची? मेसेजमध्ये वयच नाही, आणि सगळा खेळ वयाचा आहे. पीईडी हा डुकरांतला हगवणीचा करोना विषाणू. दोन-तीन महिन्यांचं डुक्कर त्यातून साधारण आठवडाभरात आपलं आपण उठतं. काढा पाजला असेल तर श्रेय काढ्याला जातं, एवढंच. आठवड्याच्या आतल्या पिल्लांचं मात्र अख्खं वेतच्या वेत दगावू शकतं.

कारण आतड्यात आहे. लहान आतड्याच्या अस्तरावर बारीक अंकुर असतात, त्यांवरच्या पेशी विषाणू मारतो. अंकुर खुजे होतात, दूध पचत नाही, आणि न पचलेली दुधातली साखर उलट पाणीच आतड्यात ओढून घेते. दूध तोडलेल्या पिल्लात या पेशी दोन-तीन दिवसांत नव्या येतात, नवजात पिल्लात पाच ते सात दिवस लागतात. दीड किलोच्या जिवाकडे तेवढी सवड नसते. अंगातलं पाणी आणि क्षार संपतात, रक्तातलं आम्ल वाढतं आणि ते दगावतं.

म्हणून ‘सलाईन नको’ हे त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य आहे. ओआरएस थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्यायचं. पिल्लं ओल्या फरशीवरून उचलून कोरड्या गोणपाटावर घ्यायची आणि दिवा लावून जागा 32 ते 35 अंशांवर ठेवायची. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत हे जिकिरीचं आहे, पण करावंच लागतं.

चीनचं म्हणाल तर अर्धं खरं. 2010 नंतर तिथे पीईडीने थैमान घातलं आणि संशोधनही भरपूर झालं. पण दारुहळदीतलं बर्बेरीन, हळदीतलं कर्क्युमिन, सालींतलं तुरट टॅनिन, सुगंधी तेलं यांवरचं बरंचसं काम काचपात्रातल्या पेशींवर किंवा दूध तोडलेल्या पिल्लांच्या खाद्यात मिसळून झालंय. युरोपने 2022 मध्ये पिल्लांच्या हगवणीवरचं औषधी झिंक ऑक्साइड बंद केल्यावर अशा पर्यायांकडे ओढा आणखी वाढला. वजन थोडं बरं वाढतं, विष्ठा घट्ट होते, असे फायदे दिसलेत. तीन दिवसांच्या पिल्लाला घरगुती काढा पाजून वाचवणं ही वेगळीच गोष्ट. डाळिंबाच्या सालीतलं टॅनिन विष्ठा बांधतं, कुडा तर आयुर्वेदात अतिसारावरच सांगितलाय. तरी विष्ठा घट्ट झाली म्हणजे विषाणू गेला असं होत नाही.

‘झाडपाला आहे, अपाय काय होणार?’ कडू काढा सिरिंजने तोंडात ढकलला की पिल्लू झटापट करतं, काढा फुप्फुसात जातो आणि हगवणीच्या जोडीला न्यूमोनिया येतो.

गाभण मादीला काढा दिला की दुधातून प्रतिकारशक्ती उतरते, असंही त्या मेसेजमध्ये आहे. डुकरात प्रतिपिंडं (अँटीबॉडी) वारेतून पिल्लाला मिळत नाहीत. पहिल्या 24 तासांतला चीक आणि नंतरचं दूध, एवढाच मार्ग. मादीच्या शरीराने तो विषाणू आधी ओळखलेला असला तरच त्याच्यावरची प्रतिपिंडं दुधात येतात. हळदीला पीईडी कुठून ठाऊक असणार! पिल्लं पहिल्या तासांत आचळाला लागली का ते बघा, त्याने फरक पडतो.

राहिलं ‘डॉक्टर नको’. हगवण पीईडीची, रोटा विषाणूची की जिवाणूंची, हे नुसतं बघून कळत नाही. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे. तिथे किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, नुकत्याच आजारी पडलेल्या पिल्लाची विष्ठा स्वच्छ डबीत, बर्फावर ठेवून न्या. पण जोराचा ताप, कातडीवर लाल-जांभळे डाग आणि मोठी डुकरंही मरत असतील, तर स्वाइन फीवर किंवा 2020 मध्ये भारतात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीवर असू शकतो. तेव्हा शेडमधून जनावर, मांस, खरकटं काहीच बाहेर न्यायचं नाही. डॉक्टरांनाच तिथे बोलवायचं.