ऑपरेटर क्लासच्या आतच लिहावा, या आग्रहाला उत्तर

सी++ ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: ऑपरेटर ओव्हरलोड करायचा, म्हणजे + सारख्या चिन्हाला आपल्या क्लाससाठी (स्वतः बनवलेल्या डेटाच्या प्रकारासाठी) अर्थ द्यायचा, तर तो क्लासचा मेंबर, म्हणजे क्लासच्या आतले फंक्शन, म्हणूनच लिहावा, कारण बाहेर लिहिला की फ्रेंड (क्लासच्या प्रायव्हेट, म्हणजे इतरांना बंद असलेल्या, डेटाला हात लावण्याची परवानगी मिळालेले बाहेरचे फंक्शन) लागतो, एन्कॅप्सुलेशन (डेटा आत झाकून ठेवणे) मोडते, आणि सी++20 आल्यापासून तर बाहेर लिहिण्याचे कारणच उरलेले नाही. मला हा सल्ला घातक वाटतो.

आधी फ्रेंडविषयी. += डाव्या ऑब्जेक्टमध्येच बदल करतो, म्हणून तो मेंबर असणे योग्यच आहे; पण तो लिहून झाला की + ला प्रायव्हेट डेटाला हात लावावा लागत नाही. डावी बाजू व्हॅल्यूने, म्हणजे प्रत म्हणून, घ्यायची, तिच्यावर += चालवायचा आणि ती परत करायची, एवढेच त्याचे काम. प्रायव्हेट डेटापर्यंत पोहोचणारी फंक्शन्स जितकी कमी, तितके एन्कॅप्सुलेशन पक्के. तेव्हा असा + बाहेर ठेवल्याने ते मोडत नाही, उलट बळकट होते.

खरी अडचण डाव्या बाजूला आहे. समजा, 'अपूर्णांक' या क्लासला पूर्णांक घेणारा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवणारे फंक्शन) आहे आणि तो एक्सप्लिसिट नाही, म्हणजे आपोआप रूपांतर होऊ देतो; 'अ' हा त्या क्लासचा ऑब्जेक्ट. + मेंबर असेल, तर 'अ + 2' चालते, कारण उजव्या 2 चा अपूर्णांक आपोआप बनतो. '2 + अ' मात्र कंपाइल होत नाही, कारण मेंबर फंक्शन शोधताना कंपायलर डाव्या 2 चे रूपांतर करत नाही. बेरजेत क्रम बदलला म्हणून कोड अडावा, हे क्लास वापरणाऱ्याला कोणत्या तोंडाने सांगणार? स्टँडर्ड लायब्ररीतील स्ट्रिंग आणि कॉम्प्लेक्स यांचेही += मेंबर आहेत आणि दोन ऑपरँडचे (चिन्हाच्या दोन्ही बाजूंच्या व्हॅल्यूंचे) + बाहेर आहेत.

सी++20 ने ऑपरँडची अदलाबदल करून पाहण्याची सोय दिली, हे खरे; म्हणून मेंबर == असला तरी '2 == अ' चालते. पण ती सोय तुलनेच्या ऑपरेटरांपुरतीच आहे, + किंवा * यांना ती लागू नाही.

आउटपुटच्या << ला तर पर्यायच नाही: त्याच्या डावीकडे ओस्ट्रीम (स्टँडर्ड लायब्ररीतला आउटपुटचा क्लास) असतो आणि तो क्लास आपला नसतो. मेंबर असण्याची सक्ती भाषेने =, [], () आणि -> अशा मोजक्या ऑपरेटरांवरच केली आहे.

क्लास टेम्प्लेट (आतल्या डेटाचा प्रकार वापरताना ठरवता येणारा साचा) असेल तेव्हा मात्र बाहेर लिहिलेला टेम्प्लेट + पुरत नाही, कारण टेम्प्लेट आर्ग्युमेंट (साच्यात भरायचा प्रकार) ठरवताना 2 चा अपूर्णांक बनवण्यासारखे रूपांतर विचारात घेतले जात नाही. तिथे फ्रेंड हवाच, आणि त्याची व्याख्या क्लासच्या कंसातच द्यावी. तसे केल्यास तो नॉन-मेंबरच राहतो आणि एखादा ऑपरँड त्या क्लासचा असेल तेव्हाच कंपायलरला सापडतो.