प्राणीसेवा करायचीय? आधी पासपोर्ट काढा

प्राण्यांची सेवा करायची म्हणताय ना, मग आधी पासपोर्ट काढा. सोलापुरात बसून हे होत नसतं. इथल्या प्राण्यांना गोचीड असतात.

आमच्या बिल्डिंगमधल्या वरच्या मजल्यावरच्या चिरंजीवांनी करून दाखवलंय. इथून मुंबई, मुंबईहून बँकॉक, तिथून चियांग माई, मग डोंगरातलं हत्तींचं सेंटर. पंधरा दिवस, फी साठ हजार, तिकीट वेगळं. हो, फी आपणच द्यायची आणि शेण पण आपणच उचलायचं. एक हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास खातो, म्हणजे पहाटे उठून कलिंगडं कापा, केळी वाहा, आणि मग तेच सगळं मागच्या बाजूला फावड्याने गोळा करा. घरी स्वतःचं ताट न उचलणारं पोरगं हे हसत हसत करतं, व्हिडिओ बघितलाय आम्ही सगळ्यांनी.

जायच्या आधी थोडा अभ्यास करा, आल्यावर भाषणाला उपयोगी पडतो. थायलंडने 1989 साली जंगलतोडीवर बंदी घातली, ओंडके ओढणारे हत्ती बेकार झाले, मग माहूत त्यांना घेऊन शहरात भीक मागायला लागले नाहीतर पर्यटकांना पाठीवर बसवायला लागले. हे आम्ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लिफ्टच्या मेंटेनन्सच्या आधी, स्लाइडसकट ऐकलं. (माहिती खरी आहे, आणि चांगली सेंटरं खरंच म्हाताऱ्या, लंगड्या हत्तींना सांभाळतात, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.)

सेंटर निवडताना मात्र आंघोळ घालू देणारंच बघा. चांगल्या ठिकाणी हल्ली हत्तीला हात लावू देत नाहीत, लांबून बघा म्हणतात, मग रील कशाचं करणार? जानेवारी 2025 मध्ये तिथल्याच एका बेटावर हत्तीला आंघोळ घालताना एका स्पॅनिश मुलीचा जीव गेला, ती स्लाइड नव्हती.

हत्ती नको असेल तर दक्षिण आफ्रिकेत सिंहाचे बछडे आहेत, बाटलीने दूध पाजायला. अनाथ आहे म्हणून सांगतात. आई असते चांगली जिवंत, बछडा तिच्यापासून तोडलेला असतो, आणि मोठा झाला की कुंपणाच्या आत शिकारीला विकणारे पण तिथे आहेत. तुम्ही फक्त बाटली धरा.

नान्नजला जाऊ नका. वीसेक किलोमीटरवर अभयारण्य, व्हिसा नाही, माळढोक दिसत नाही, चारचौघात सांगणार काय?

आणि रेबीजची लस. ही जायच्या आधीच घ्यायची असते. यांनी घेतली, सगळे डोस, कार्डसुद्धा दाखवलं. म्हणजे आख्ख्या बिल्डिंगमध्ये कुत्र्याला हात लावायची पूर्ण तयारी असलेला हा एकच माणूस. म्हणून दहा दिवसांपूर्वी, रविवारी भर दुपारी, कोपऱ्यावर टेम्पोखाली पिल्लाचा पाय सापडला तेव्हा मी येडी याच्याच दाराची बेल वाजवली. खाली डांबर भाजतंय, पिल्लू एकाच जागी गोल गोल फिरून कोकलतंय, आणि हे दारात चहाचा मग घेऊन, "काकू, मला स्ट्रे डॉग्जचं ट्रेनिंग नाहीये, आमचं हत्तींचं होतं." वर, "तुम्ही एखाद्या एनजीओला टॅग करा ना." टॅग करा म्हणे! मागे भिंतीवर सर्टिफिकेट, फ्रेम केलेलं.

मग मीच जुन्या चादरीत गुंडाळलं. दोन रिक्षावाले न थांबता गेले, तिसरा थांबला तो पोतं अंथरून आणि दुप्पट भाडं ठरवून, "काय करलालाव ताई, सीट खराब होतंय बघा." डॉक्टर जेवून झोपलेले, त्यांना उठवलं. त्या गडबडीत पिल्लाने भेदरून माझा अंगठा फोडला. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा म्हणाले. वाहत्या पाण्याखाली! सोलापुरात! एप्रिलमध्ये! आमची पाळी परवावर होती. बादलीतनं तांब्या तांब्या ओतून धुतला. मग अंगठ्यातच इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार अँटीबॉडीजची सुई, शिवाय दंडात लसीची पाच इंजेक्शनं, दिवस 0, 3, 7, 14, 28. अजून दोन राहिलीत. पिल्लू माझ्या बाल्कनीत आहे, मागचा पाय गेला, चपला खातंय.

हे पण चाललं असतं हो. पण परत आले तर गेटजवळच्या लिंबाखालची सिमेंटची कुंडी गायब. पाणी ठेवायचे मी त्यात. वॉचमनला विचारलं तर वरच्या मॅडमनी काढायला सांगितली. मॅडमना विचारलं तर, "अहो वहिनी, पाणी ठेवलं की कुत्री जमतात, आणि मग आमच्याच गाडीखाली झोपतात."

बाळा, हे मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकतेय म्हणजे तू वाचशीलच. शेण उचललंस, चांगलं केलंस. पण ज्या गाडीची सावली कुत्र्याला द्यायला तुम्हाला जड जाते, तिच्या मागच्या काचेवर हत्तीचं स्टिकर लावताना लाज कशी वाटली नाही रे? तुझ्या आईने कुंडी काढली तेव्हा तू घरातच होतास. एक शब्द बोलला नाहीस. मीटिंगमध्ये चाळीस मिनिटं बोललास.

कुंडी जनरेटरच्या मागे पालथी पडलीय, बघून आलेय मी. जड आहे, या अंगठ्याने मला उचलणार नाही. उद्या पाणी येईल. सातच्या आत जागेवर आणून ठेव.