डुक्कर कंपनीचं, शेड शेतकऱ्याचं

"कोविडमध्ये अमेरिकन सरकारनं शेतकऱ्यांना पोत्यानं पैसे वाटले." हे वाक्य इथं आयोवात बरेचदा कानावर येतं. गेल्या शनिवारी मराठी मंडळींच्या जेवणातही आलं, तेव्हा हातात ताट होतं म्हणून गप्प बसलो. आता लिहितो.

वाटले, हे खरंच आहे. २०२० साली इथल्या शेतीला सरकारकडून थेट मिळालेली रक्कम सुमारे ४६ अब्ज डॉलर होती (जुन्या योजना धरून). एप्रिलमध्ये कृषिमंत्री सनी पर्ड्यूंनी १९ अब्जांचं कोविड पॅकेज जाहीर केलं, त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांना. सप्टेंबरात ट्रम्प यांनी विस्कॉन्सिनच्या प्रचारसभेत आणखी मदतीची घोषणा केली, कृषिखात्याच्या हिशेबानं ती १४ अब्जांपर्यंतची. निवडणूक दीड महिन्यावर होती, बाकी काही म्हणत नाही.

माझं म्हणणं रकमेबद्दल नाहीच. पैसे मोजले कशावर, त्याबद्दल आहे.

माझ्या शेजाऱ्याकडे २४०० डुकरांचं शेड आहे. शेड त्याचं, बँकेचं कर्ज त्याचं, रात्री दोन वाजता पंखे बंद पडले तर धावणारा तोच. मेलेलं जनावर उचलायचं कामही त्याचंच. डुकरं मात्र कंपनीची. पिल्लं, खाद्य, औषध कंपनी पाठवते आणि त्याला सांभाळण्याचे पैसे देते. आमच्याकडे असे करारावर डुकरं पाळणारे गल्लोगल्ली आहेत.

एप्रिल २०२० मध्ये कामगारांमध्ये कोविड पसरला आणि मोठे कत्तलखाने एकामागून एक बंद झाले. इथल्या वॉटर्लूचा, टायसन या मांस कंपनीचाही झाला. गाडी थांबवता येते, डुक्कर थांबवता येत नाही. ते खातं, वाढतं, आणि मागून नवी पिल्लं तयारच असतात. राज्यात काही ठिकाणी धडधाकट जनावरं मारून पुरावी लागली. शेजाऱ्याकडची डुकरं कशीबशी गेली, पण नवी पिल्लं यायला उशीर झाला. शेड रिकामं, हप्ता चालू.

आणि मदत? १६ एप्रिल ते १४ मे या काळात ज्या दिवशी सर्वांत जास्त डुकरं होती, त्या आकड्यावर डोक्यामागे १७ डॉलर. २४०० डोक्यांचे ४०,८०० होतात. पण ते डुकराच्या मालकाला. करारावर पाळणाऱ्याला शून्य, कारण बाजारभावाची जोखीम त्याची नाही म्हणे. (माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा होती, तीन भागीदार राबत असतील तर साडेसात लाखांची. म्हणजे कंपन्यांनी सगळंच गिळलं असंही नाही.)

चूक सरकारच्याही लक्षात आली. डिसेंबर २०२० च्या कायद्यात करारावर पाळणाऱ्यांसाठी एक अब्जापर्यंत तरतूद झाली आणि ती योजना मार्गी लागली ऑगस्ट २०२१ मध्ये! बाकीच्यांचे अर्ज सुरू झाल्यावर सव्वा वर्षानं.

हे सगळं मला ओळखीचं वाटलं ते गावामुळे. तासगावकडची आमची जमीन अण्णांच्या नावावर आहे, वय झालं म्हणून करायला निम्म्या वाट्यानं दिलीय. त्याच एप्रिलमध्ये पीएम किसानचे २००० रुपये आले, ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांसाठी लॉकडाऊनमध्ये आगाऊ जाहीर झालेला तो हप्ता. आले अण्णांच्या खात्यात, कारण सातबाऱ्यावर नाव त्यांचं. बाजार बंद म्हणून ज्याचा कोबी रानात सडला, त्या वाटेकऱ्याला काय? अण्णांनी हजार पुढे केले तर म्हणाला, "राहू द्या अण्णा, तुमच्या नावचं हाय."

इकडे डुक्कर कुणाचं, तिकडे सातबारा कुणाचा. राबतं कोण, हा रकाना दोन्ही अर्जांत नव्हता. तो घालणं अवघडही नाही: करार असतो, बिलं असतात, आणि वाट्याचं तर सगळ्या गावाला ठाऊक असतं.

इथं कुणाला किती अनुदान मिळालं, याच्या काउंटीवार याद्या इंटरनेटवर आहेत आणि लोक त्या चवीनं वाचतात. २०२० च्या यादीत शेजाऱ्याचं नाव शोधलं, सापडलं नाही. करारवाल्यांचे पैसे निघाले तोवर तो सकाळ-दुपार स्कूल बस चालवायला लागला होता. अजून चालवतो.